पांढऱ्या पट्टीवरचे शेरे

माझ्या ताईला पाहायला आलेल्या लोकांचा राग मला आजही येतो. त्या दिवशी मी स्वतः जे केलं, त्याचाही येतो.

आम्ही कोराडीच्या कॉलनीत राहायचो. बाबा वीज केंद्रात होते. ताई प्राथमिक शाळेत शिकवायची आणि मी अकरावीत होते. मुलाकडचे शहरातल्या नंदनवन वस्तीतून आले ते तिघं : मुलगा, त्याची आई आणि अमेरिकेहून सुटीवर आलेला मोठा भाऊ. भावाच्या गळ्यात एक जाडजूड कॅमेरा होता. फोटो लगेच हातात देणारा, असं आम्ही फक्त ऐकलं होतं.

तोवर स्थळाकडे फोटो पाठवायचा म्हणजे सीताबर्डीच्या स्टुडिओत जायचं. फोटोग्राफर हनुवटी वर करायला सांगायचा, चार दिवसांनी प्रती मिळायच्या आणि निगेटिव्ह त्याच्याकडे राहायची. नकार आला की फोटो पाकिटातून परत यायचा. एवढी तरी रीत होती.

पोहे खाऊन झाल्यावर भाऊ म्हणाला, "आत उजेड कमी आहे. मुलीले बाहेर घ्या."

बाबांनी स्वतः खुर्ची अंगणात नेली. कॅमेरा पाहायला क्वार्टरांची अर्धी लाइन कुंपणापाशी जमली होती. त्या सगळ्यांदेखत ताईला आधी समोरून, मग बाजूने उभं केलं. मग मुलाची आई म्हणाली, "चष्मा काढ बरं बाई, डोळे दिसू दे." ताईने बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. तिने चष्मा काढला.

कॅमेऱ्याने घरघर करत एक कोरा चौकोन बाहेर टाकला. भावाने तो माझ्या हातात दिला. "धर. हलवू नको, बोट लावू नको. दोन-तीन मिनिटांत येते." खालची रुंद पांढरी पट्टी धरून मी उभी राहिले. हिरवट धुक्यातून आधी साडी आली, मग केस, मग ताईचा चेहरा. मी तो फोटो घेऊन कुंपणापाशी धावले आणि एकेका शेजारणीला दाखवत सुटले. बहीण उन्हात चष्म्याविना उभी होती आणि मी तिचा चेहरा वाटत फिरत होते. तेव्हा मला त्यात मजा वाटली.

तीन फोटो निघाले. आमच्या आईने त्यातला एक ठेवून घेऊ का असं विचारलं, तर भाऊ म्हणाला, "फिल्मच्या एका पाकिटात दहाच निघतात, आणि इथं पाकीट मिळत नाही. याची दुसरी कॉपीही होत नाही." तिन्ही घेऊन ते गेले.

महिन्याभराने मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी सावळी वाटली म्हणे. जेवण झाल्यावर ताई बाबांना म्हणाली, "माझे फोटो परत मागवा."

बाबांनी मुलाकडच्यांना दोन पोस्टकार्डं टाकली. उत्तर आलं नाही. ते म्हणाले, "जाऊ दे वं. काहून त्या फोटोच्या मागं लागली?"

"माझं तोंड आहे बाबा त्याच्यावर. अन् ते एकाच ठिकाणी आहे. मले ते माझ्या हातात पाहिजे."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी बसने शहरात गेलो आणि विचारत विचारत नंदनवनातलं ते घर शोधलं. मुलाच्या आईने दार उघडलं, बसा म्हटलं, पाणी दिलं. ताईने फोटो मागितल्यावर ती आतून बिस्किटाचा डबा घेऊन आली आणि टीपॉयवर उलटा केला.

तसले पंधरा-वीस फोटो होते. सगळ्या मुली. कोणी गच्चीवर, कोणी तुळशीपाशी, कोणी बैलगाडीच्या चाकाला टेकून. प्रत्येकीच्या खाली, त्या पांढऱ्या पट्टीवर, बॉलपेनने शेरा होता. 'दात पुढे.' 'उंची बेताची.' 'बाप बरा, मुलगी जाड.' ताईच्या फोटोवर होतं : 'रंग कमी. चष्मा लपवला होता.'

लपवला होता. त्या बाईनेच काढायला लावला होता.

ताईने आपले तीन उचलले. मग थांबली, आणि बाकीचे गोळा करायला लागली.

"अवं, काय करून राहिली तू? ते तुझे नाहीत."

"तुमचेही नाहीत," ताई म्हणाली.

आवाज ऐकून मुलगा दारात आला. ताईने त्याला विचारलं, "यातल्या कोणाशी ठरलं का तुमचं?"

"नाही."

"मग ठेवले काहून?"

त्याने आईकडे पाहिलं. "महागाचे असतात ना, म्हणून," तो म्हणाला.

ताईने सगळे फोटो पर्समध्ये टाकले आणि आम्ही निघालो. मागून ती बाई मध्यस्थाचं नाव घेऊन काहीतरी बोलत होती. बसस्टॉपवर मी रडत होते. ताई रडत नव्हती.

घरी तिने आपले फोटो फाडायचा प्रयत्न केला. ते फाटेनात, तेव्हा कात्रीने कापले. इतर मुलींच्या फोटोंमागे नाव-गाव लिहिलेलं होतं. ज्यांचा पत्ता पुरेसा होता त्या नऊ जणींना तिने पाकिटं पाठवली. त्याआधी प्रत्येक शेऱ्यावर तिने काळी शाई फिरवली.

दोन उत्तरं आली. एका मुलीने लिहिलं होतं, 'मिळाला. जाळला. बरं झालं.' दुसरं एका वडिलांचं होतं : आमच्या मुलीचा फोटो तुमच्याकडे कसा, तिची बदनामी करायची आहे का, पुन्हा असं केलंत तर पोलिसात जाऊ. ते बाबांच्या हाती पडलं. मध्यस्थानेही आमच्या घरी येणं सोडलं. बाबा दोन महिने ताईशी बोलले नाहीत. नंदनवनच्या लोकांना मात्र त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही.

ताईने त्या वडिलांना उत्तर लिहिलं. मी ते वाचलं होतं. त्यात एकच ओळ होती : 'तुमच्या मुलीच्या फोटोवर जे लिहिलं होतं, ते मी खोडलं आहे.'