पानाच्या कडेचा लाल धागा

बी.ए. झाल्यावर मी इंदूरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. घरातली ती पहिलीच पगाराची नोकरी. शहरातल्या गिरण्या तेव्हा बंद पडत होत्या.

आम्ही एक खेळाचं पुस्तक छापलं होतं. फासा टाकायचा, सांगितलेल्या पानावर जायचं आणि गुहेतून सुटायचं. एका दुपारी एक पोक्त गृहस्थ ते घेऊन मालकांकडे आले. एका पानाच्या कडेला त्यांनी लाल धागा ओवला होता.

"सेठजी, मोहल्ल्यातली पोरं दो दिन से गुहेतच फिरतायत. हे पान त्यांना परत मागेच पाठवतं."

छपाईआधी दोन पानं वाढली होती आणि मजकुरातले पानांचे आकडे बदलायचे मी विसरलो होतो.

"प्रूफ किसने देखा था? त्याला आजच काढतो!" मालक कडाडले.

गृहस्थांनी माझ्या उतरलेल्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"गिरणीत मी कापड तपासायचो, सेठजी. धागा फॉल्टला बांधायचा, विणकराच्या गळ्यात नाही. मागच्या महिन्यात गिरणीच बंद झाली."

मग मीच म्हणालो, "चूक माझी आहे."

मालकांनी ते पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "बैठ. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छाप."

तेवढ्यात गृहस्थ निघून गेले होते. मी दाराशी धावलो, पण त्यांची सायकल वळणापार गेली होती. स्वतःची नोकरी गेलेल्या त्या माणसानं माझी वाचवली, आणि मी त्यांना साधं पाणीही विचारलं नव्हतं.