सोफ्याची दुसरी बाजू

लेकीने हौसेने पाठवलेला नवा सोफा मोठा देखणा आहे हो. राखाडी, बारीक पायांचा, दोघांना ऐसपैस होईल असा. परवा केर काढताना पाहिलं, तर खिडकीकडची गादी चांगलीच दबलेली आणि तिच्या शेजारची अजून दुकानातल्यासारखी फुगलेली. माणूस बोलत नाही, पण त्याची बसायची जागा सगळं सांगून टाकते, नाही का?

लेक फोनवर विचारते, “आई, येतं ना गं कुणी गप्पा मारायला?”

मी म्हणते, “अगं, उठायला कंटाळतात मेल्या!”

दिवाळीला ती येणार आहे. म्हणून हल्ली मी चहा घेऊन त्या फुगलेल्या गादीवर बसते, अगदी जोर देऊन. तिथून खिडकीतला रस्ता दिसत नाही, पण चालायचंच.