मावशीने शेरूचा पट्टा धुतला

मंडळी, या ग्रुपवर मी एरवी नुसता वाचत असतो. आज राहवलं नाही म्हणून लिहितोय.

काल माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं, तेरावं झालं. आज सकाळीच मावशीने घर धुवायला काढलं. चादरी, पडदे, दादाचे कपडे, सगळं गरम पाण्यात. आणि त्यातच दादाच्या कुत्र्याचा, शेरूचा पट्टा!

तो साधा पट्टा नव्हता. दादा कंपनीच्या कामाने ब्राझीलला गेला होता. तिथे वाळूमाशी आजारी कुत्र्याला चावते, मग माणसाला, आणि आजार घरात येतो. म्हणून तिथे कुत्र्यांना कीटकनाशकाचा पट्टा घालतात. त्याने गोचीडही मरतात. इथे शेरू गोचीडतापातून जेमतेम वाचला होता, म्हणून दादाने येताना एक आणला.

"अगं मावशी, त्यातलं औषध गेलं ना!"

"औषध कसलं? पांढरी पावडर लागत होती हाताला. ब्रशने घासून काढली. सुतकातलं काही तसंच ठेवू नये, बाबा."

"ती पावडर म्हणजेच औषध!"

"मग नवा आण. कुत्र्याच्या पट्ट्यासाठी केवढा ओरडतोस!"

मी बाहेर आलो. तारेवर दादाचा शर्ट वाळत होता. तेरा दिवस शेरू त्याच शर्टावर झोपला होता. आज त्याने तो दोनदा हुंगला आणि लांब जाऊन बसला.

गंगापूर रोडच्या दुकानांत असा पट्टा नाही. नाशिकमध्ये कुठे मिळेल, कोणाला माहीत आहे का? शर्टाचं काय करायचं, तेही सुचलं तर सांगा.