मिरची चाखून घ्यायची सवय

सोमवारी नागपूरले यायचा जबडा कापणार होते, अन् आदल्या दिवशी, इतवारी, यायले भाजलेली कोंबडी खायची होती. यायले म्हणजे माझ्या नवऱ्याले. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळला, माझं एक नाही ऐकलं. आता तोंडात दोन बोटंही जात नव्हती, तरी हट्ट! "उद्यापासून नाकातली नळीच आहे," म्हणे. "आज आपल्या दातानं खाऊ दे."

पोरगी नागपुरून लोखंडाची शेगडी घेऊन आली होती. मोबाइलमध्ये तिची यादी: दही, आलं, लसूण, निंबू, कोथिंबीर म्हणजे आपला सांबार, बार्बेक्यू सॉस.

"कोंबडीले सॉस कायले लागते वं?" मी म्हटलं. "तुझ्या आजीनं का सॉस लावून भाजली?"

आम्ही बाजाराले निघालो तर हे सोबत निघाले. मी नको म्हटलं, पण आजवर मिरची यायनंच घेतली. माझ्यावर भरवसाच नाही. तोंडावर रुमाल धरून चालत होते. बाजारातले शेतकरी सगळे ओळखीचे. सांबारवाली म्हणाली, "भाऊ, गजब वाळले जी!" हे हसले. हसू एकाच गालावर आलं.

मिरचीच्या ढिगाजवळ घात झाला. आमच्याकडे मिरची नुसती पाहून कोणी घेत नाही. देठ मोडायचा अन् टोक जिभेवर टेकवायचं. जन्माची सवय ते. यायनं एक उचलली, मोडली, अन् मी "अवो, थांबा!" म्हणेपर्यंत जिभेले लावली.

हे मटकन खालीच बसले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, रुमालावर लाळ अन् रक्त. मिरचीवालीनं आपली पाण्याची बाटली दिली, तो घोटही सहन होईना. पोरगी धावत जाऊन दही घेऊन आली, ते बोटानं यायच्या जिभेले लावलं. लोक उभे राहून पाहून राहिले होते. "काय पाहता? तमाशा आहे काय?" मी खेकसली. खरं म्हणजे राग यायचाच आला होता. आजचा एक दिवस तरी, बाप्पा, सांभाळायचं होतं!

घरी चला म्हटलं तर मान हलवली. बोलता येत नव्हतं, बोटानं निंबू दाखवले. मग मिरची सोडून सगळं घेतलं. सॉस मिळाला नाही. पोरीनं टमाटे घेतले, भाजून चटणी करू म्हणाली.

संध्याकाळी अंगणात कोंबडी भाजली. वास असा सुटला की शेजारीण डोकावून गेली. यायनं सगळ्यात मऊ तुकडा उचलला, ओठाशी नेला. दातांच्या फटीतून तो काही शिरेना. आडवा करून पाहिला, बारीक तोडून पाहिला. आम्ही दोघी आपापल्या ताटात पाहून राहिलो होतो. शेवटी मी उठली, मांस मिक्सरमध्ये दह्यासोबत फिरवलं अन् वाटी समोर ठेवली.

तीन चमचे चोखले. मग वाटी माझ्या हातात दिली.

"चव नाही लागत वं काहीच," हे म्हणाले. "कापू दे आता डॉक्टरले."