पहिली पात

बाजरी खुरपताना बांधाकडची पहिली पात, म्हणजे पहिली ओळ, कुणी धरायची हे आमच्या घरात सासूबाई ठरवत. जिचा हात चलाख तिनं ती धरायची, बाकीच्यांनी तिच्या बरोबरीनं सरकायचं. लग्न होऊन वडगाव रासाईला आल्यापासून सहा वर्षं ती पात माझी होती. मग खुटबावची धाकटी जाऊ आली आणि सासूबाई आल्यागेल्याला सांगू लागल्या, "हिच्या हाताला लई उरक हाय." माझं नाव कुणी काढेना. नुसता जळफळाट व्हायचा. ती माझ्यापेक्षा गोरी होती, त्याचं मला काही नव्हतं. पण पात माझी होती.

पंचमीला मातीला खुरपं लावायचं नसतं, म्हणून आदल्या दिवशीच रान संपवायचं होतं. सासूबाई घरी पुरणाच्या दिंडांच्या तयारीत. रानात आम्ही दोघीच, शेजारीशेजारी; त्या दिवशी कुठली पात कुणी धरली हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. तिला मागं टाकायचंच म्हणून मी असं खुरपं चालवलं, की गवताबरोबर चार हात बाजरीही साफ कापली गेली. ती आपली गाणं म्हणत पुढं चालली होती. मी घाबरून कापलेली रोपं परत मातीत रोवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी वारूळ पुजायला सगळ्या बायका त्याच बांधावरनं निघाल्या. रोपं माना टाकून उभी होती.

"ही पात कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

मी हातातलं पूजेचं ताट सावरू लागले.

"माझी, आत्याबाई," जाऊ म्हणाली. "घाईत कापली."

आता हिला शिव्या बसणार, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चुकतंया माणूस. पर कबूल केलंस न्हवं! आता फुडच्या खेपंला पहिली पात तूच धर."

दुपारी लिंबाखाली फुगड्या रंगल्या. तिनं येऊन माझेच हात धरले आणि हळूच म्हणाली, "अक्का, रोपं रवताना मी बघितलं हुतं तुम्हाला. कुणाला सांगायची न्हाई."

तिचे उपकार मानायचे सोडून मी तिला गरगर फिरवली, चक्कर येऊन पडावी म्हणून. चूक माझी होती आणि शाबासकीसुद्धा तीच घेऊन गेली होती.

"आजून जोरात, अक्का!" ती खिदळत ओरडली.

दमून आधी मीच खाली बसले.