गाळलेली ओळ

आमचे बाबा फोनवर बोलताना उभे राहतात. समोरचा दिसत नसला म्हणून काय झालं, माणूसच आहे ना, असं त्यांचं म्हणणं. गुडघा कुरकुरत असला तरी एक हात टेबलावर टेकवून, शाळेत उत्तर द्यायला उठावं तसे ते उभे राहतात आणि बोलणं संपलं की "थँक्यू" म्हणून बसतात. पलीकडे चुकीचा नंबर लागलेला कोणी असला तरी हेच.

सगळी नोकरी त्यांनी एका छापखान्यात केली. त्यांचं काम मोठ्याने वाचायचं. हातातली मूळ प्रत बाबा वाचणार आणि समोर बसलेला माणूस छापून आलेल्या कागदावर नजर ठेवून चुका काढणार. नुसते शब्द वाचून भागायचं नाही. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. ही सवय अंगात इतकी मुरली की आम्हा भावंडांना रागावतानासुद्धा ते विरामचिन्हांसकट रागवायचे. रागवता रागवता "उद्गारचिन्ह" म्हणाले की आम्हाला हसू फुटायचं आणि मग खरा मार बसायचा. त्यांच्या धंद्यात एकच मोठं पाप होतं, ते म्हणजे ओळ गाळणं. शब्द चुकला तर सापडतो. गाळलेली ओळ कोणालाच सापडत नाही, कारण ती नाही हेच कळत नाही. बाबांनी कधी ओळ गाळली नाही, आणि हे ते पाहुण्यांनाही सांगतात, पाहुण्यांनी विचारलेलं नसताना.

निवृत्तीनंतर बाबांना ज्यांना दिसत नाही अशा लोकांचा एक गट मिळाला. गावोगावची माणसं. त्यांच्यातली एक शिक्षिका सगळ्यांना धरून होती, तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. बाबा दिवसभर पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे आणि संध्याकाळी ती मंडळी आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. मध्ये कोणाचं दुकान नाही, गोदाम नाही. बाबांच्या मशीनमधून थेट त्यांच्या मशीनमध्ये, आणि एकाकडे जेवढा तुकडा पोचला तेवढा तो पुढच्याला देणार. त्यासाठी दोन्हीकडची मशीनं एकाच वेळी चालू हवीत. ती मंडळी दिवसा कामावर असत, म्हणून संध्याकाळ. बाबा अजूनही स्वल्पविराम वाचतात, त्यावरून मास्तरीणबाई त्यांची थट्टा करायच्या. पण दुसरा कोणी वाचू लागला की त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं म्हणे.

मग संध्याकाळचा वेग मरायला लागला. सकाळी तपासलं तर लाइन ठणठणीत. दिवेलागण झाली की बाबांच्या पडद्यावरचा आकडा घसरत घसरत जवळजवळ शून्यावर यायचा. मास्तरीणबाई फोन करून विचारायच्या, "काका, आज पण अडकलंय का हो?" आणि बाबा उभे राहून म्हणायचे, "माझ्याकडेच काहीतरी बिघडलंय. तुम्हाला ताटकळत ठेवलं, माफ करा." त्या गटातल्या एका मुलीची परीक्षा तोंडावर आली होती आणि तिचं पुस्तक अर्ध्यावर लटकलं होतं. बाबांचं जेवणात लक्ष लागेना.

आता ताईबद्दल. ताई माझी मोठी बहीण. तिचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, आणि ती नोकरीला आहे ती नेमकी याच इंटरनेट कंपनीत. तक्रारीचे फोन घेणाऱ्या खोलीत, कानाला यंत्र लावून. भाऊजींच्या कारखान्याला टाळं लागल्यापासून त्यांचं घर तिच्या एकटीच्या पगारावर उभं आहे. तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. बाबांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच ते ताईला काही विचारायचे नाहीत. घरच्या कामासाठी पोरीच्या ऑफिसात वशिला लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. सगळ्यांसारखे ते रांगेत थांबून कंपनीला फोन करायचे. कनेक्शन माझ्या नावावर, त्यामुळे कोणाला काही पत्ता नाही.

ताईला पत्ता लागला तो चहाच्या सुट्टीत. तिथल्या मुली एका म्हाताऱ्याची नक्कल करत होत्या. थँक्यू आजोबा, त्यांनीच ठेवलेलं नाव. जे सांगाल ते निमूटपणे करतो, आणि करताना आपलंच वाक्य आपल्याला परत वाचून दाखवतो. "राउटर बंद केला, स्वल्पविराम, आता चालू करतो, पूर्णविराम." सगळ्या खिदळत होत्या. ताईच्या हातातला चहा तसाच राहिला.

त्याच दिवशी ती माझ्या दुकानात आली. मी किल्ल्या बनवतो. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती भिंतीवरच्या कुलपांकडे बघत उभी राहिली.

"बाबांच्या लाइनला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आम्हीच स्लो करतो."

"आम्ही म्हणजे?"

"कंपनी. संध्याकाळी सगळे घरी येतात, सगळे सिनेमे लावून बसतात. मग हे जे एकमेकांना थेट फाइली पाठवतात ना, त्यांचा वेग वरूनच आवळतात. बाकी सगळं सुरळीत दिसतं. आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. सांगितलं की घरी."

"मग तुम्ही सांगता काय?"

"बंद करून चालू करा. वायर हलवून बघा. डबा खिडकीजवळ ठेवा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "माणूस दमतो आणि फोन ठेवतो. बाबा दमत नाहीत रे."

मी म्हटलं, मग सांगून टाक त्यांना घरी. यावर तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. बाबांना सांगायचं! मी लहानपणी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली, तेव्हा याच गृहस्थांनी शाळेत जाऊन 'पोट दुखत नव्हतं' असं हेडमास्तरांना सांगितलं होतं. ताईने सांगितलं असतं तर बाबांनी कंपनीला फोन लावला असता, उभे राहून, आणि म्हणाले असते, माझी मुलगी तुमच्याकडेच आहे, तिने मला खरं ते सांगितलं. मी सांगितलं असतं तर विचारलं असतं, तुला कोण बोललं? आम्हा दोघांची तोंडं शिवली गेली ती अशी.

ताईने एकदा आडून प्रयत्न केला. "बाबा, सकाळी पाठवत जा ना."

"सकाळी पाठवून घेणार कोण? ती माणसं कामावर असतात. आणि तू यात पडू नकोस. तुझ्या नोकरीचं बघ."

इथपर्यंत काळजी होती ती ताईच्या नोकरीची. मग त्यात स्टुलाची भर पडली. कोणा मुलीने बाबांना सांगितलं की दारावरून वायर आत येते तिथला जोड ढिला असेल, वर चढून दाबून बघा. मी घरी आलो तर दाराशी आमचं लाकडी स्टूल. त्याचा एक पाय आखूड आहे, त्यावर आम्ही कधी कुंडीसुद्धा ठेवत नाही. बाबा त्यावर चढत होते, एका हातात फोन धरून! मी बरीच कटकट केली. ते म्हणाले, "ती मुलगी एवढं समजावून सांगते, तिचं ऐकायला नको?" मी स्टूल माळ्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा दाराशी. माळ्यावरून काढायला त्यांनी खुर्ची लावली होती. यापुढे माणसाने काय करावं? दुकानात बसलो की हातातली किल्ली घासता घासता मला वाटायचं, आत्ता पडले असतील. ताईचं तर माझ्याहून वाईट. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने "वर चढून बघता का, आजोबा?" असं म्हटलं की ताईला तिच्या कानावरचं यंत्र हिसकावून घ्यावंसं वाटायचं. पण तिच्या कानाशी दुसराच कोणी भांडत असायचा.

शेवटी एका संध्याकाळी बाबांचा फोन तिच्याच वाट्याला आला. पडद्यावर माझं नाव होतं. तिने आवाज बदलला, ठरलेलं वाक्य म्हटलं, बाबांनी तिला ओळखलं नाही. आम्हाला जन्मभर आवाज ऐकवणारा माणूस, त्याला पोरीचा आवाज कळला नाही, कारण तिथे पोरगी असेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

"मी चढलोच आहे," बाबा म्हणाले. "कालच्या बाईंनी सांगितलं तसं."

"सर, उतरा खाली. जोड बघायची गरज नाही."

"नाही कशी? त्या म्हणाल्या, इथेच असणार. लोक खोळंबलेत माझ्यामुळे. थांबा, जरा टाच उंचावतो."

आणि तिला स्टुलाचा आखूड पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. लहानपणापासून ऐकलेला आवाज.

"बाबा, खाली उतरा," ती हळू आवाजात म्हणाली. "वायर चांगली आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. आम्हीच स्लो करतो. रोज संध्याकाळी."

पलीकडे काहीच ऐकू येईना. ताई म्हणते, तेवढ्या वेळात तिने त्यांना पडलेलं पाहिलं, दवाखान्यात पाहिलं, सगळं पाहिलं. मग स्टूल पुन्हा एकदा आपटलं.

"उतरलो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "मी रोज त्यांची माफी मागत होतो गं." त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच थँक्यू म्हणायचं राहिलं.

कोणी ऐकलं नव्हतं. ताईच्या शेजारची मुलगी आपल्या फोनमध्ये गुंतली होती. आम्हाला वाटलं, सुटलो. पण त्या खोलीत एक पद्धत होती, ती माझ्या डोक्यात कधी आली नसती. त्यांची वरची बाई फोन ऐकत बसायची नाही. ती बघायची कोण गप्प झालं. रोज तक्रार करणारा माणूस लाइन न सुधारताच एकाएकी गप्प झाला, तर त्याला कोणीतरी खरं सांगितलेलं असतं. मग ती स्वतः त्याला फोन करून विचारायची, आमच्या मुलीने तुम्हाला नेमकं काय सांगितलं? आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी अर्थातच फोन केला नाही. कशाला करतील?

ताईला हे खोलीतल्या एका मैत्रिणीने फोन करून सांगितलं, आणि ती धावतपळत आली तेव्हा मी सुट्टी म्हणून घरीच होतो. "ती आज बाबांना फोन करणार," तिने मला दाराआडच सांगितलं. बाबा आत खुर्चीत होते. त्यांना काय सांगायचं, कसं सांगायचं, याची आमची कुजबुज चालू होती तेवढ्यात फोन वाजला.

बाबा उभे राहिले. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज नेहमीच मोठा असतो, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं. बाई गोड बोलत होती. परवा आमच्याकडून आपल्याशी कोण बोललं, ते आम्हाला माहीत आहे, म्हणाली. ताईच्या टेबलाचा नंबरही सांगितला. "तिने आपल्याला काय सांगितलं, जसंच्या तसं सांगाल का?"

जसंच्या तसं! आमच्या बाबांना! ताईने दाराची चौकट धरली. मी देवाला हात जोडत नाही, पण तेव्हा जोडले.

"तिने मला स्टुलावरून खाली उतरायला सांगितलं, पूर्णविराम," बाबा म्हणाले.

"आणखी काही?"

बाबांनी आमच्याकडे बघितलं. दाराशी ताई उभी आहे हे त्यांना तेव्हा दिसलं.

"नाही."

"मग काल आपला फोन आला नाही?"

"काल गुडघा दुखत होता," बाबा म्हणाले. "आज करीन."

फोन ठेवून ते तसेच उभे राहिले. ताई रडायला लागली. ते तिच्या डोक्यावरून हात फिरवतील असं मला वाटलं होतं, पण ते तिच्यावर चिडले. "जा, कामावर जा. उशीर होईल," एवढंच म्हणाले आणि दुपारी त्यांनी एक पानही वाचलं नाही. मी चहा दिला तेव्हा कपाकडे बघत म्हणाले, "एक ओळ गाळली रे मी." मी म्हटलं, बरं केलंत. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती.

संध्याकाळी आकडा घसरला. मास्तरीणबाईंचा फोन आला. काका, आज पण? बाबा म्हणाले, "हो, माझ्याकडेच काहीतरी आहे." मग त्यांनी कंपनीचा नंबर लावला. रांगेचं संगीत संपलं. पलीकडची मुलगी सांगू लागली आणि बाबा तिचं वाक्य तिला परत वाचून दाखवू लागले, "राउटर बंद केला, स्वल्पविराम." कोपऱ्यात राउटरचा हिरवा दिवा चालूच होता. "आता चालू करतो, पूर्णविराम."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते हा फोन करतात. ताई अजून नोकरीत आहे. फक्त हा एक फोन बाबा खुर्चीत बसून करतात.