आत्याचं सुतक

"लांबच राहा गं. मला सुतक आहे."

सातपूरच्या आमच्या गल्लीत कुणी प्रसादाची वाटी घेऊन आत्याच्या दाराशी गेलं, की ती पोलिसानं पकडल्यासारखे दोन्ही हात वर करायची, दोन पावलं मागं सरकायची आणि हे ऐकवायची. चेहऱ्यावर दुःख असायचं, पण थाट असा की आत पुरणपोळ्या चालू असाव्यात. तुम्ही-आम्ही माणसं काय कमी पाहिलीत? पण वर्षाच्या बारा महिन्यांतले तेरा महिने सुतकात काढणारी बाई तुमच्या पाहण्यात नसणार, पैज लावा.

सुतक कुणाचं, हे विचारायची सोय नव्हती. कंपनीच्या रखवालदाराचे वडील तिकडं बिहारात गेले. आत्याचा देव्हारा इकडं दहा दिवस बंद. गिरणीवाल्याची चुलतसासू गेली, जिला खुद्द गिरणीवाल्यानं पाहिलं नव्हतं; आत्यानं गोड सोडलं. चहावाल्याच्या म्हशीचं तिनं दीड दिवस पाळलं. लोक एकच दिवस म्हणतात, पण लोकांना अतिशयोक्तीचं वावडं आहे. काळू कुत्रा टेम्पोखाली आला तेव्हा मात्र मला राहवेना. म्हटलं, आत्या, ह्याचं गोत्र कोणतं?

"आपल्या दारची भाकर खाऊन वाढला ना? मग तेच."

संक्रांतीत गल्लीभर हळदीकुंकवाची झुंबड उडायची. विधवेला बोलावत नाहीत, हे आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बायका आमंत्रणाला बाहेर पडायच्या आत ती दारात येऊन सांगून टाकायची, की आले असते गं, पण सुतक आहे. न बोलावणाऱ्यांची लाज ती अशी दरवर्षी वाचवायची, आणि आमच्या बायका वाचवू द्यायच्या.

ती सुरगाण्याकडची. नवरा गेल्यावर सासरनं बाहेर काढलं, माहेरनं आत घेतलं नाही. इथं एका कंपनीत पॅकिंगला लागली. एकदा द्वारका चौकात बसची वाट बघत असताना गावाकडचा कुणी भेटला आणि कांद्याचा भाव सांगावा तसं बोलून गेला, की तुझा बाप वारला की, झालं वर्ष. तिला कुणी कळवलंच नव्हतं. वर्ष उलटून कळलेल्या मरणाची नुसती आंघोळ, असं तिला कुणीतरी सांगितलं. ती तिनं केली. रडताना ती कुणाला दिसली नाही, पण तेव्हापासून गल्लीत कुठंही कुणी गेलं की ही आधी हजर.

"ज्याला सुतक येत नाही, त्याला माणूस नाही," म्हणायची. आणि मग हळूच, मीठ मागितल्यासारखं विचारायची, "माझं धराल ना रे?"

आम्ही सगळे होय म्हणायचो. होय म्हणायला काय जातंय? मी तर म्हटलं होतं, आत्या, तुझं तेरावं द्वारकेच्या चौकात घालीन, मुंबई-आग्रा रस्ता बंद ठेवून. ती खूश व्हायची. खरं मानायची, हा तिचा दोष.

आत्या हे नाव तिला लागलं ते शेजारच्या लेथवाल्या बाळूभाऊच्या मुलीमुळं. बारशाला सख्खी आत्या रुसून आली नाही. पाळण्यापाशी नाव सांगायला कुणी नाही म्हणून बाळूभाऊच्या बायकोनं, मंदावहिनींनी हिला पुढं ढकललं, आणि हिनं बाळाच्या कानात पूनम म्हटलं. मग आईबापाच्या शिफ्टा चालू आणि पूनम हिच्या मांडीवर. पोरगी आधी आत्या म्हणायला शिकली, मग आई.

त्या पूनमचं लग्न ठरलं, मार्गशीर्षात. मुलगा देवळ्याचा, कांद्याच्या व्यापाऱ्याचा.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी आत्याला धाप लागली. गल्लीतल्या रशीदभाईच्या टेम्पोतून मी आणि तो तिला दवाखान्यात घेऊन गेलो. सकाळी ती गेली. मी बाळूभाऊला फोन लावला. मागं हळदीची गाणी वाजत होती. मी एवढंच म्हणालो, की आत्या... तो म्हणाला, रेंज नाही, काही ऐकू येत नाही, आणि फोन कापला. लगेच वहिनींचा आला.

"भाऊजी, तुम्ही काही सांगितलं नाही. आम्ही काही ऐकलं नाही."

ऐकल्याशिवाय सुतक लागत नाही, हे तुम्ही जाणताच. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीनं ती बातमी ऐकली नव्हती, आणि कुणापुढं काय बोलायचं नाही हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. परक्याच्या मरणाची बातमी कुणी दडवत नाही. दडवावी लागते ती घरच्याची. आत्याला आम्ही नात्यात घेतलं ते असं.

रशीदभाई म्हणाला, "आमच्यात सुतक नाय, चला मी येतो." आम्ही दोघांनी तिला अमरधामला नेलं. विद्युतदाहिनीचं बटण तिथल्या कर्मचाऱ्यानं दाबलं, म्हणजे त्यातही आमचा हात लागला नाही. आंघोळ करून मी मांडवात गेलो. जिलेबी उत्तम होती.

पूनम विचारत होती. तिला सांगितलं, आत्या ठणठणीत आहे, चहा मागतेय. व्हिडिओ कॉल लावा म्हणाली. नर्स चालू देत नाही, असं सांगितलं.

लग्न पार पडलं. आता तरी कुणी ऐकावं? पण एकाची वास्तुशांत आली, दुसऱ्याच्या मुलाचा साखरपुडा. बायकांचे गुरुवार, बाप्यांची चंपाषष्ठी. मी तोंड उघडलं की समोरचा कान खाजवत आत जायचा. एरवी उटण्यासारखी अंगाला चिकटणारी माणसं, पण त्या आठवड्यात मला बघून पळायची.

पूनम माहेरी आली ती नवऱ्याला घेऊन, पैठणी नेसून, हातभर हिरवा चुडा. गल्ली स्वागताला दारादारांत. तिनं आधी आत्याच्या खोलीचं कुलूप पाहिलं.

"आत्या कुठंय?"

मंदावहिनी म्हणाल्या, "गावाला गेलीय."

आत्याला गाव नव्हतं. ते पूनमइतकं कुणाला माहीत होतं? ती आईकडं बघत राहिली, मग एकेका दाराकडं. प्रत्येक दारात कुणी ना कुणी चपला नीट लावायला वाकलं होतं. ती नळापाशी गेली, बादली भरली आणि त्या थंडीत, नेसत्या पैठणीसकट डोक्यावर ओतली.

"अगं, पैठणी वाया गेली," वहिनी ओरडल्या.

नवरा गोंधळला. हळूच विचारलं, "कोण वारलं?"

"माझी आत्या," ती म्हणाली. मग गल्लीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आत्या वारली. ऐकलं का सगळ्यांनी?"

पूनम दुसरी बादली नळाखाली धरून उभी होती, आणि समोरच्या घरात कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.